पेशीचे मरण आणि माणसाचा त्याग

कुळासाठी एकाचा त्याग करावा, गावासाठी कुळाचा करावा, देशासाठी गावाचा करावा, अशा अर्थाचे एक जुने नीतिवचन आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याची चढती भाजणी इतकी सुबक आहे की ऐकणाराची मान आपोआप डोलते. आणि मान डोलू लागली म्हणजे बुद्धी स्वस्थ बसते. महाभारतात हे वचन विदुराच्या मुखी येते. परंतु ते कोणत्या प्रसंगी येते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. दुर्योधन नुकताच जन्मला आहे, अपशकुन झाले आहेत, आणि हे एक मूल टाकून द्या, नव्याण्णव पुत्र तुम्हांला पुरेत, असे धृतराष्ट्राला पटविण्यासाठी विदुर हा दाखला देतो. म्हणजे ज्या 'एका'चा त्याग करावयाचा, त्याने अद्याप डोळेही नीट उघडलेले नाहीत. फासा हातात धरलेला नाही, की कोणाचे राज्य हिरावलेले नाही. पुढचे महाभारत ठाऊक असल्यामुळे आपण विदुराच्या बाजूचे होतो. परंतु पुढचे काहीच ठाऊक नसताना जे घर, जे गाव किंवा जे सरकार एखाद्याकडे बोट दाखवून 'हा एक' असे म्हणते, त्याला तो अधिकार कोठून प्राप्त झाला, हा प्रश्न मात्र तसाच उरतो.

अलीकडे या वचनाच्या साहाय्याला शास्त्राची साक्ष काढण्याचा प्रघात पडला आहे. आपल्या शरीरातील पेशी शरीराच्या हितासाठी आपण होऊन मरतात. निसर्गाने व्यक्तीला समष्टीसाठी देह ठेवण्याचा धडा आपल्या रक्तामांसातच लिहून ठेविला आहे. मग माणसाने माणसासाठी तसे का करू नये, असा हा युक्तिवाद असतो. व्याख्यानांतून तो ऐकू येतो, शालेय निबंधांतून वाचावयास मिळतो, आणि घरातील वडील माणसे तरुणांस तो मोठ्या विश्वासाने सांगतात. शास्त्राची साक्ष काढण्यास हरकत नाही. परंतु साक्षीदार बोलाविला म्हणजे त्याचे आपल्या सोयीचे पहिले वाक्य तेवढे टिपून घेऊन त्याला घरी पाठविता येत नाही. त्याची सगळी जबानी ऐकावी लागते. प्रस्तुत लेखात ती जबानी ऐकण्याचा विचार आहे, आणि साक्षीदार म्हणून मी मानवी पेशीतील एका विशिष्ट प्रथिनाला पुढे आणीत आहे. त्याचे नाव आरआयपीके-१.

या प्रथिनाकडे वळण्यापूर्वी पेशींच्या मरणाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. पेशीचे मरण हा नेहमीच अपघात नसतो. गर्भावस्थेत आपल्या बोटांच्या मध्ये पातळ पडदा असतो. त्यातील पेशी ठरल्या वेळी मरतात म्हणून बोटे सुटी होतात. बेडकाच्या पिलाची शेपटी अशाच रीतीने नाहीशी होते. प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज हजारो कोटी पेशी मरतात आणि त्यांचे सुतक कोणी पाळीत नाही. १९७२ साली कर, वायली व करी या तीन संशोधकांनी या शिस्तीच्या मरणाला 'अ‍ॅपोप्टोसिस' असे नाव दिले. हा शब्द त्यांना अ‍ॅबर्डीन येथील ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकाने सुचविला, आणि त्याचा अर्थ झाडाची पाने गळून पडणे असा आहे. पुढे एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीवर संशोधन झाले. त्याच्या देहात, जननपेशी सोडून, १०९० पेशी निर्माण होतात व त्यांपैकी नेमक्या १३१ मरतात, असा चोख हिशेब लागला. त्या कामासाठी ब्रेनर, हॉर्व्हिट्झ व सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा काही पेशी ठराविक क्रमाने मरतात व त्यांच्या मरणावर देहाची घडण अवलंबून असते, एवढे निर्विवाद आहे.

वनस्पतींची गोष्ट याहून निराळी नाही. माझे गाव मंद्रूप हे सोलापुराहून विजयपूरकडे, म्हणजे जुन्या विजापुराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर आहे. काळ्या रानात रब्बीची ज्वारी उभी असता पानावर तांबूस ठिपके दिसले की आमच्याकडचा शेतकरी पीक बिघडले म्हणून हळहळतो. तो ठिपका रोगाची खूण आहे खरी. परंतु ती प्रतिकाराचीही खूण असते. बुरशी ज्या पेशीत शिरू पाहते ती पेशी एक तांबडे, विषारी द्रव्य तयार करते. ते द्रव्य बुरशीला मारते आणि ते निर्माण करणाऱ्या पेशीलाही मारते. पानाचा कणभर भाग वाळतो आणि उरलेले पान हिरवे राहते. ज्याला दृष्टान्तच हवा आहे त्याला मंद्रूपच्या कोणत्याही बांधावर तो सापडेल, आणि त्याला वाटेल की विदुराचे वचन येथे तांबड्या शाईने लिहून ठेविले आहे.

आता मुख्य साक्षीदार. १९९५ साली अमेरिकेतील काही संशोधक पेशीच्या बाह्य आवरणावरील एका मृत्युसूचक ग्राहकाला आतून कोणते प्रथिन येऊन मिळते याचा शोध घेत होते. त्या शोधात त्यांना हे प्रथिन आढळले. 'ग्राहकाशी जुळणारे प्रथिन' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन त्याला 'आरआयपी' म्हटले गेले. हीच तीन अक्षरे ख्रिस्ती थडग्यांवर कोरलेली असतात. तेथे त्यांचा अर्थ 'शांततेत विश्रांती घ्या' असा असतो. हे प्रथिन ६७१ अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले आहे. त्याच्या एका टोकाला कायनेज नावाचा भाग आहे. कायनेजचे काम दुसऱ्या प्रथिनावर, कधी स्वतःवरही, फॉस्फेटची खूण उमटविणे हे असते. कचेरीतील कागद शिक्का बसेपर्यंत टेबलावर पडून असतो आणि शिक्का बसताच हलू लागतो, तसाच हा प्रकार आहे. दुसऱ्या टोकाला जो भाग आहे त्याला शास्त्रज्ञ मृत्युखंड म्हणतात. मधल्या भागात एक लहानसा दुवा आहे, आणि त्याच्या योगे हे प्रथिन आरआयपीके-३ या आपल्या भाऊबंदाचा हात धरू शकते.

नाव असे अशुभ असले, तरी या प्रथिनाचे पहिले काम मारण्याचे नाही, हे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. शरीरात संसर्ग झाला म्हणजे टीएनएफ नावाचा एक निरोप्या पेशीच्या दारी येतो. दारातील ग्राहकाने निरोप घेतला की आरआयपीके-१ आतून तेथे येऊन उभे राहते. त्याच्यावर युबिक्विटिन या लहान प्रथिनाच्या साखळ्या चढविल्या जातात, आणि त्यांच्या आधाराने इतर प्रथिने गोळा होऊन 'जगा, आणि शत्रू आला आहे असे इतरांस कळवा' अशी आज्ञा पेशीच्या केंद्रापर्यंत पोहोचवितात. या कामी त्याच्या शिक्क्याची गरजही नसते. नुसते खांबासारखे उभे राहणे पुरेसे असते. साखळ्या चढल्या नाहीत, किंवा आज्ञेचा मार्गच कोणी अडविला, तर मात्र शिक्का जागा होतो. तेव्हा हे प्रथिन कॅस्पेज-८ या छेदक प्रथिनाला सोबत घेऊन पेशीचे शांतपणे विसर्जन घडविते. आणि शत्रूने कॅस्पेज-८ चेही हात बांधले असतील, तर ते आरआयपीके-३ ला हाक मारते आणि पेशीचे आवरण फोडले जाते. गाईच्या देवीचा विषाणू कॅस्पेजचे हात बांधणारे एक प्रथिन आपल्यासोबत घेऊनच येतो, तेव्हा ही दुसरी वाट काही कल्पनेतली नव्हे. या दुसऱ्या मरणाला २००५ साली 'नेक्रोप्टोसिस' हे नाव मिळाले. पहिले मरण दिवा मालवून निमूट निघून जाणाऱ्याचे आहे. दुसरे, आपल्या घराला आग लागलेली पाहून साऱ्या गावाला जागे करील अशी आरोळी ठोकणाऱ्याचे.

या यंत्रणेचा महाराष्ट्राच्या इतिहासाशी एक संबंध आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला गेला आणि पाहता पाहता तो पुण्यास व दख्खनच्या गावोगावी पोहोचला. गावे ओस पडली. माणसे रानात झोपड्या घालून राहिली. या रोगाचा जंतू यर्सिन याने हाँगकाँग येथे १८९४ साली हुडकला होता. परंतु तो पेशीच्या आत कोणती कारवाई करतो हे कळण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली. हा जंतू एका सूक्ष्म सुईतून काही प्रथिने आपल्या भक्षक पेशींत सोडतो आणि त्यांतील एक प्रथिन वर वर्णिलेल्या 'जगा आणि कळवा' या आज्ञेचा मार्गच तोडून टाकते. शत्रूने तारा तोडल्या, पहारेकरी मुके झाले, असा हा डाव. परंतु तारा तुटल्या हीच गोष्ट आरआयपीके-१ निरोपासारखी वाचते. मार्ग अडला, त्या अर्थी घरात चोर आहे, असे समजून ते पेशीला मरणाच्या वाटेला लावते आणि त्या मरणातूनच आसपासच्या निरोगी पेशींना इशारा मिळतो. २०१७ साली प्लेगच्या जंतूच्या एका जवळच्या भाईबंदावर उंदरांत प्रयोग झाले. ज्या उंदरांत आरआयपीके-१ चा हा शिक्का निकामी केला होता, त्यांना तो संसर्ग आवरता आला नाही व ते दगावले. म्हणजे त्या काही पेशी मरण्यावर उंदराचे जगणे अवलंबून होते.

येथवरची साक्ष त्यागाच्या पुरस्कर्त्यांस अगदी अनुकूल आहे, आणि बहुतेक वक्ते येथेच थांबतात. आपण उलटतपासणी करू.

साक्षीदाराला पहिला प्रश्न असा की, मरणाचा हा अधिकार शरीराने तुझ्या हाती मोकळा दिला आहे काय? उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. आरआयपीके-१ वर एक नव्हे, अनेक कुलपे आहेत. युबिक्विटिनच्या साखळ्या हे एक कुलूप. इतर कायनेजांनी त्याच्यावर उमटविलेल्या प्रतिबंधक खुणा हे दुसरे. आणि प्रसंगी कॅस्पेज-८ याच प्रथिनाचे ठराविक जागी दोन तुकडे करून त्याचा कारभार संपवितो, हे तिसरे. ज्या कॅस्पेजला सोबत घेऊन ते मारते, तोच कॅस्पेज त्याला आवरतो. एवढी खबरदारी आपल्या राज्यघटनांनीही क्वचितच घेतली असेल. या कुलपांचे महत्त्व किती, हे काही दुर्दैवी कुटुंबांच्या इतिहासावरून समजते. २०१९ साली असे रुग्ण वर्णिले गेले की, ज्यांच्या आरआयपीके-१ मधील ती तुकडे करण्याची जागाच जन्मतः बदललेली होती. त्यांना बालपणापासून पुनःपुन्हा ताप येई, गळ्याच्या गाठी सुजत. जंतू कोठेच नाही, आणि शरीर मात्र ज्वराने पेटलेले. उलटपक्षी, हे प्रथिन मुळीच नसलेली मुलेही आढळली. २०१८ साली त्यांची हकीकत प्रसिद्ध झाली. वारंवार संसर्ग, आतड्यांचा दाह आणि सांधेदुखी असे त्यांचे भोग होते. उंदरांत हे प्रथिन काढून टाकले तर पिले जन्मतात आणि तीन दिवसांच्या आत मरतात, हे १९९८ पासून ठाऊक आहे. कारण मारणारा म्हणून ज्याला आपण काढून टाकतो, तोच तारणाराही असतो. त्याच्या मागे उरलेल्या मृत्यूच्या दोन्ही वाटा बेलगाम होतात. त्या दोन्ही वाटा एकदम बंद केल्या तर पिले जगतात, हे २०१४ साली दिसून आले.

तेव्हा निसर्गाचा धडा घ्यावयाचाच झाला, तर तो 'एकाने सर्वांसाठी मरावे' असा नाही. मरण मागण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याच्यावर जितकी कुलपे घालता येतील तितकी घालावी, आणि जगविण्याचे सर्व मार्ग तुटल्यावाचून तो अधिकार जागा होऊ देऊ नये, असा तो धडा आहे. हा धडा घरातल्या कर्त्या पुरुषाला आणि राज्यातल्या सत्ताधाऱ्याला व्याख्यानातून कोणी सांगत असल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

दुसरा प्रश्न याहून खोल आहे. मरणाऱ्या पेशीचे यात काय जाते? शरीरातील प्रत्येक पेशी एकाच गर्भपेशीपासून झालेली आहे. तिचा वारसा आणि शेजारणीचा वारसा बहुतांशी एकच. तिला शरीराहून निराळे असे हित नाही, शरीरावाचून तिला भविष्य नाही, आणि स्वतःचे भविष्य ही कल्पना करण्याचे साधनही नाही. तिच्या मरणात काही हरवत असेल तर ते शरीराचे हरवते, आणि ते शरीर दुसऱ्या दिवशी भरून काढते. माणसांचा समाज असा नाही. माणूस समाजात जन्मतो हे खरे. पण त्याला जे दिसते ते दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनी दिसत नाही, त्याचे दुःख दुसऱ्या कोणाला वाटून घेता येत नाही, आणि तो गेला म्हणजे त्याची जागा भरली तरी तो भरून निघत नाही. समाजाला शरीराची उपमा देण्याची हौस फार जुनी आहे. कोणाला मुख करावे आणि कोणाला पाय, हे आपल्या देशात हजारो वर्षे या उपमेनेच ठरविले. या उपमेची एक मौज मी पाहिली आहे. ती देणारा मनुष्य स्वतःला नेहमी मस्तकात बसवितो. करंगळीच्या नखात बसलेला उपमाकार अद्याप माझ्या दृष्टीस पडलेला नाही.

तिसरा प्रश्न नीतीच्या दृष्टीने निर्णायक आहे. पेशीला नाही म्हणता येते काय? काही पेशी मरावयाच्या वेळी मरत नाहीत व वाढत राहतात. त्यांतून कर्करोग उद्भवतो. परंतु त्या पेशीला आपण पापी म्हणत नाही, कारण तिने मोहाला बळी पडून कर्तव्य टाळले असे घडलेले नसते. तिचे एक कुलूप बिघडलेले असते इतकेच. आणि जी नकार देणारीला दोष देता येत नाही म्हणून दोषी नव्हे, ती होकार देणारीलाही पुण्यवती म्हणता येणार नाही. जेथे नकाराला जागा नाही तेथे त्याग नसतो. तेथे फक्त घटना असते. पान गळते, त्याला दान म्हणत नाहीत.

याउलट माणसाचा त्याग कसा असतो, हे पाहण्यासाठी त्याच प्लेगच्या दिवसांकडे परत जावे लागते. १८९७ च्या आरंभी पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे चरित्रकार सांगतात. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. वय साठीच्या पलीकडे गेलेले. त्या घरी बसल्या असत्या तर कोणी बोट दाखविले नसते. शेणमारा सोसून ज्यांनी आधीच पुष्कळ दिले होते, त्यांच्याकडे आणखी काही मागण्याचा कोणाला हक्कही नव्हता. आमच्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचेही तसेच. १९१० साली सोलापुरात जन्मलेला, मुंबईस वैद्यकी शिकलेला हा तरुण १९३८ मध्ये पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला. सोबती परतले, हा मागे राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारला. परतण्याची वाट त्याला मोकळी होती, म्हणून तर त्याच्या राहण्याला मोल आहे. या दोघांच्या आयुष्यातून 'नाही म्हणता आले असते' एवढे शब्द काढून टाका. मग सावित्रीबाईंचे मरण आणि ज्वारीच्या पानावरील ठिपका यांत फरक दाखविणे कठीण होईल.

आता ज्या त्यागाविषयी बोलणे आपल्या घरांना अवघड वाटते, त्याविषयी बोलले पाहिजे. माझी एक आत्या मंद्रूपला सातवीची परीक्षा चांगल्या गुणांनी उतरली होती. पुढे शिकावयाचे तर सोलापुरास राहावे लागणार होते. त्या वर्षी पाऊस नव्हता, कोरडवाहू रानात कडब्यावाचून काही निघाले नव्हते, आणि घरात धाकटे दोन भाऊ होते. पैसा एकाच्या शिक्षणापुरता होता. ती घरी राहिली. भाऊ शिकले, नोकऱ्यांस लागले, आणि त्यांच्या पुढच्या पिढीत माझ्यासारखा एखादा महाविद्यालयात शिकवू लागला. घरात कोणतेही कार्य निघाले की कोणी तरी वडीलधारे उठून 'हिच्या त्यागावर हे घर उभे आहे' असे सांगत, आणि सर्वांचे डोळे पाणावत. एकदा असाच गौरव चालला असता ती माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "आरं, म्या कुठं दिलं? माझ्याकडनं घेतलं त्यांनी." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. शेतीच्या हिशेबातली एखादी चूक दाखवावी तशा सुरात ती बोलली. भावांवर तिची माया होती, त्यांच्या भल्याचा तिला आनंदही होता. आपल्या नावावर जे पुण्य जमा केले गेले आहे ते आपले नव्हे, एवढेच तिला सांगावयाचे होते. नीतिशास्त्रावर मी बरीच वर्षे ग्रंथ वाचले आणि शिकविले. परंतु देणे आणि घेतले जाणे यांतील भेद इतक्या थोड्या शब्दांत कोणी सांगितलेला मला आठवत नाही.

ज्याच्याकडून काही हिरावून घेतले, त्याच्या त्यागाचा गौरव करणे हा वरवर पाहता कृतज्ञतेचा प्रकार आहे. वस्तुतः ती एक सोय आहे. घेतले असे म्हटले की परतफेडीचा प्रश्न येतो. दिले असे म्हटले की हारावर भागते. म्हणून सुनेचा त्याग, थोरल्या मुलाचा त्याग, धरणासाठी घर सोडणाऱ्यांचा त्याग, हे शब्द जेव्हा जेव्हा ऐकू येतात, तेव्हा ते कोण उच्चारीत आहे हे आधी पाहावे. त्याग करणाराच तसे म्हणत असेल तर हात जोडावे. लाभ घेणारा म्हणत असेल तर हिशेब मागावा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो न्याय्य आहे. समाज म्हटला की काही तरी मागावे लागतेच. साथीत माणसांना घरात राहावयास सांगावे लागते, कर घ्यावा लागतो, युद्धात सैनिक पाठवावे लागतात. प्रत्येकाच्या खुशीची वाट पाहत बसले तर गाव वाचणार नाही. मला हे मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की, जे सक्तीने घ्यावयाचे त्याला त्यागाचे नाव देऊ नये. त्याला भार म्हणावे. कारण भार म्हटला की तो किती, किती दिवस, आणि कोणाच्या खांद्यावर किती, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. १८९७ साली पुण्यात प्लेग आटोक्यात आणण्याचा हेतू वाईट नव्हता. पण गोरे सोजीर घराघरांत शिरले, माणसे उचलून नेली गेली, आणि ज्यांच्यावर हा भार पडला त्यांना विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. त्या संतापाची परिणती रँडसाहेबाच्या वधात झाली. २०२० च्या मार्चात देश बंद झाला, तेव्हाही घरात बसलेल्या पगारदाराला आणि मुलाला खांद्यावर घेऊन शेकडो मैल चालत निघालेल्या मजुराला आपण एकाच 'त्याग' या शब्दाखाली बसविले. बंदी अवश्य होती असे धरून चालले, तरी दोघांच्या पाठीवरचे ओझे सारखे नव्हते, आणि तो एक शब्द वापरल्यामुळे ते सारखे नसल्याचे दिसेनासे झाले.

मागण्याची रीत कशी असावी, याचेही उदाहरण त्याच प्लेगच्या वर्षाने ठेविले आहे. मुंबईस डॉक्टर हाफकीन यांनी प्लेगवर लस तयार केली. ती माणसाला टोचल्यास काय होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, ताप व वेदना सोसल्या, आणि मग इतरांना पुढे येण्याविषयी विचारले. 'हा एक' असे म्हणताना त्यांचे बोट स्वतःकडे वळलेले होते. घरात, गावात किंवा राज्यात जो कोणी दुसऱ्याकडे काही मागणार असेल, त्याने ते आधी स्वतः देऊन दाखवावे; आणि ज्याच्याकडून मागावयाचे त्याला नाही म्हणण्यास जागा ठेवावी, किंवा तशी जागा ठेवणे अशक्यच असेल तर त्याच्या नुकसानीची भरपाई आपल्या शिरावर घ्यावी. इतके केल्यावर जे मिळेल त्याला त्याग म्हणा अथवा म्हणू नका, त्यात अन्याय तरी राहणार नाही.

ज्या नीतिवचनापासून आरंभ केला त्याला वस्तुतः चौथा चरण आहे. कुळासाठी एक, गावासाठी कुळ, देशासाठी गाव, आणि आत्म्यासाठी अवघी पृथ्वी सोडावी, असे ते वचन शेवटी सांगते. भाषणांतून पहिले तीन चरण येतात आणि चौथा बहुधा गळतो. 'आत्म्यासाठी' म्हणजे नेमके कशासाठी, याविषयी पंडितांत मतभेद होऊ शकतील. परंतु ज्या कोणी ही चढती भाजणी रचिली, त्याने शेवटच्या पायरीवर देशाला बसविले नाही, तर ज्याला 'मी' म्हणता येते त्याला बसविले, एवढे तर उघड दिसते. पेशीला तो शब्द उच्चारता येत नाही. माझ्या आत्येला येत होता. पण त्या वर्षी तिला कोणी विचारले नाही.